पेढीतले बी पुरेसे नाही

ज्वालामुखीतून घडलेल्या बेटांवरच्या दुर्मीळ वनस्पतींचे बी बीजपेढीत, म्हणजे बी जपून ठेवणाऱ्या साठ्यात, साठवावे, असे सुचवणारा लेख वाचला. सूचना योग्य, पण अपुरी आहे. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेनावर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी शेळ्या सोडल्या. कोवळी रोपे त्यांनी फस्त केली, उरलेले जंगल कुऱ्हाडीने सरले. जगात इतरत्र कुठेच नसलेल्या, गुलाबी फुलांच्या 'सेंट हेलेना ऑलिव्ह'चे रानातले शेवटचे झाड १९९४मध्ये गेले. बागेत जगवलेले अखेरचे रोपही बुरशी आणि वाळवीमुळे २००३मध्ये वठले. या झाडाला स्वतःच्या परागांनी सहसा बी धरत नसे. दुसरे झाड जवळ लागे, आणि तेच उरले नव्हते. बी साठवायला तरी ते धरायला हवे ना? म्हणून आधी शेळ्या हटवा, जंगल राखा.

– एक वाचक