पाठीतलं पाणी आणि आमचे आबा

मा. संपादक साहेब,

पुण्यात २०२५ च्या जानेवारीत जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडायचा आजार) साथ आली तेव्हा पेपरात रोज बातमी असायची आणि आमच्या मंगळवार पेठेत कट्ट्यावर एकच चर्चा, पाठीतलं पाणी काढतात म्हणे आणि ते काढलं की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतोय. मीपण मान हलवली होती. नंतर ती वेळ आमच्या आबांवरच आली, म्हणून हे पत्र.

आबा ७४ वर्षांचे, तालमीतला गडी. पहाटे गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला चालत जाणार म्हणजे जाणार. पण चाल बिघडली, पाय उचलायचेच नाहीत, डिंकानं फरशीला चिकटवल्यागत, उंबऱ्याशी आले की अडायचे आणि नुसतं वळायला सात-आठ बारकी पावलं. मग लघवी आवरेना, मग विसरायला लागले, सकाळी जेवलोय का तेपण आठवायचं नाही. आम्ही म्हटलं वय झालं. एका डॉक्टरनी पार्किन्सनच्या गोळ्या दिल्या, वर्षभर खाल्ल्या, फरक शून्य. त्यांनाही फार बोलत नाही, पार्किन्सनमध्ये नि आबांच्या खऱ्या आजारात चाल बरीचशी सारखी दिसते.

शेवटी न्यूरोवाल्या डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं, मेंदूतल्या पोकळ्या फुगल्यात, नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, म्हणजे मेंदूत पाणी साठायचा आजार, असू शकतो. चाल, लघवी आणि विसरणं ही तीन एकत्र आली की ही शंका घ्यायची, हे कोलंबियाच्या हकीम नावाच्या सर्जननं १९६५ सालीच लिहून ठेवलंय आणि आम्ही इथं म्हातारपण म्हणून बसलोय! पाठीतलं पाणी म्हणतात ते हेच, मेंदू आणि मज्जारज्जूभोवती ते एका वेळी साधारण १५० मिली असतं, टपरीवरचे दोन कटिंग समजा, पण रोज नवीन तयार होतं अर्धा लिटर, म्हणजे जुनं सतत शोषलं जायला पाहिजे. ते नीट झालं नाही की तुंबतं, बंधाऱ्याला जलपर्णी अडकल्यागत. हे उदाहरण माझं बरं का, डॉक्टरांचं नव्हे.

थोडं पाणी काढून चाल सुधारते का बघायचं ठरलं. आता सुई. ती कमरेत खाली घालतात आणि मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो, म्हणून पांगळं व्हायची ती भीती उगाच. आबांना कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवलं आणि थेंब थेंब करत ४० मिली काढलं. मला वाटलेलं पिवळं-बिवळं असेल, तर एकदम नितळ, बिसलेरीगत. गढूळ आलं तर मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाला सूज) शंका, साखर कमी नि प्रोटीन जास्त असेल तर मेंदूचा टीबीपण असू शकतो, जीबीएसमध्ये प्रोटीन वाढतं पण पेशी वाढत नाहीत. एवढं सगळं त्या बारक्या बाटलीत कळतं, आणि आपण त्या टेस्टलाच नको म्हणतो.

सुईच्या आधी कॉरिडॉरमध्ये १० मीटर चालवलं होतं, ३४ पावलं लागली. पाणी काढल्यावर तीन तासांनी परत चालवलं तर २२. मोजणारी पोरगी म्हणाली, आजोबा हळू, आणि आईनं पदर डोळ्याला लावला. दुसऱ्या दिवशी उठून बसले की डोकं ठणकायचं, आडवं झालं की थांबायचं, ते दोन दिवसांत गेलं.

पुढं ऑपरेशन करून डोक्यातनं पोटापर्यंत कातड्याखालून नळी टाकली, जास्तीचं पाणी पोटात जातं नि तिथं जिरतं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, आणि चाल जेवढी सुधारते तेवढी आठवण सुधारत नाही, आबा अजून माझ्या पोराला धाकट्या भावाच्या नावानं हाक मारतात. पण गंगावेशीला काठी टेकत का होईना जातात.

पत्र लांबलंय. काटछाट करा, पण पाय चिकटतात त्याचं तेवढं ठेवा, कुणाच्या तरी घरात आत्ता तेच चाललं असेल.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर