पाणी न पिणारा उंदीर आणि बाबांचा तांब्या

प्रिय आई, बाबा,

साष्टांग नमस्कार. फोनवर बोलणं होतंच, पण पाण्याचा विषय काढला की बाबा लगेच फोन तुझ्याकडे देतात आई, म्हणून आज लिहूनच पाठवतेय. बाबांना चष्मा लावून वाचायला बसव आणि मधेच उठले तर तू मोठ्याने वाचून दाखव.

मागच्या अमावास्येला मी पोर्टल नावाच्या गावी गेले होते. टुसॉनपासून गाडीने अडीच तास, ॲरिझोनाच्या पार कोपऱ्यात. तिथे १९७७ पासून वाळवंटातल्या उंदरांचा अभ्यास चालू आहे, जेम्स ब्राउन नावाच्या शास्त्रज्ञाने सुरू केलेला, मोजणीला माणसं लागतात म्हणून ओळखीतून मी पण गेले. अमावास्याच का, तर चांदणं पडलं की हे उंदीर उघड्यावर यायला कचरतात, घुबडाला दिसतात ना. संध्याकाळी पत्र्याच्या छोट्या पेट्या मांडायच्या, आत मिलेटचे दाणे टाकायचे आणि पहाटे कुठल्या पेटीचं दार पडलंय ते बघत हिंडायचं. हवा, माती, काटेरी झुडपं, सगळं इतकं आपल्या माणदेशासारखं की मला दोनदा भरून आलं.

माझ्या तिसऱ्या पेटीत कांगारू रॅट निघाला. वजन ४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आई, आपल्या गावरान अंड्याएवढं. मागचे पाय लांबच लांब, पुढचे एवढुसे, शेपटी अंगापेक्षा लांब आणि टोकाला गोंडा. कांगारूशी त्याचं काही नातं नाही, उड्या मारतो म्हणून नाव. गालांना बाहेरच्या बाजूने उघडणाऱ्या पिशव्या असतात, आतून केसाळ, त्या त्याने आमच्याच दाण्यांनी गच्च भरून घेतल्या होत्या. हातात धरला तेव्हा छाती इतकी धडधडत होती की माझ्या बोटांना कळत होतं. खाली सोडला तर क्षणभर थांबला आणि दोन उड्यांत झुडपाखाली गायब.

आता बाबा, नीट वाचा. हा प्राणी पाणी पीत नाही. हिरवा पाला मिळाला तर खातो, पण नाहीच मिळाला तरी नुसत्या कोरड्या दाण्यांवर जगतो. कसं, ते श्मिट-नील्सन नावाच्या नवरा-बायकोने १९४० च्या दशकाच्या शेवटी इथेच ॲरिझोनात शोधून काढलं. दाणा पचून शरीरात जळतो तेव्हा त्यातून पाणी तयार होतं, १०० ग्रॅम जवापासून साधारण ५४ ग्रॅम. तेवढंच त्याच्या नशिबाला, मग तो ते थेंब थेंब जपतो. दिवसभर बिळाचं तोंड मातीने बंद करून आत गारव्यात बसतो. त्याला घाम येत नाही. श्वास सोडताना नाकातच हवा गार होते आणि तिच्यातली वाफ आतच धरली जाते. आणि मुख्य म्हणजे त्याची किडनी, तिच्यातल्या बारीक नळ्या त्याच्या आकाराच्या मानाने खूप लांब वळसा घेतात, त्यामुळे माणसाच्या चौपट दाट लघवी करून तो पाणी वाचवतो. त्या दोघांनी त्याला सोयाबीन खायला घालून प्यायला समुद्राचं पाणी दिलं, तरी तगला! माणूस समुद्राचं पाणी प्यायला तर आणखी कोरडा पडतो.

आई, तुला आवडेल ते सांगते. बी मिळालं की हा ठिकठिकाणी छोटे खड्डे करून पुरून ठेवतो, शेजारचे उंदीर चोरतात, काही तसंच राहून पावसाने उगवतं. त्याचा मोठा भाऊबंद, बॅनर-टेल्ड कांगारू रॅट, मात्र घरातच कोठार करतो, तुझ्या कणगीसारखं, आणि परका कोणी आला तर मागच्या पायांनी जमिनीवर ताल धरतो. जॅन रँडल या शास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं की प्रत्येकाचा ताल वेगळा असतो, शेजाऱ्यांना तो ओळखू येतो. साप दिसला तरी असेच पाय आपटतो. आणि सापाने झेप टाकलीच तर डोळ्याचं पातं लवायच्या आत सरळ वर उडतो, हवेतच सापाला लाथ मारतो. याचे स्लो मोशन व्हिडिओ आहेत, लिंक दादाला पाठवते, तो दाखवेल.

पोर्टलला कुंपण घालून काही तुकड्यांत कांगारू रॅट येऊ दिले नाहीत, बाकी छोटे उंदीर मात्र कुंपणाच्या भोकांतून ये-जा करायचे. १२ वर्षांत तिथे झुडपांच्या रानात उंच गवत माजलं. मोठं बी खाणारा, माती उकरणारा गेला की अख्खं रान बदलतं. त्या कुंपणापाशी उभी राहून मी दोन्हीकडे बघत होते, अंड्याएवढ्या जिवाचं हे काम.

पण बाबा, मी हे सगळं लिहिलं ते तुमच्यासाठी. ७२ च्या दुष्काळात तुम्ही लहान होतात, आजी घोटभर पाण्यावर सगळ्यांना दिवस काढायला लावायची, हे तुम्हीच सांगितलंय. तेव्हापासून तहान मारायची सवय लागली ती आजही तशीच आहे, अंगणात नळ आला तरी. तुम्ही अभिमानाने म्हणता मला दुपारपर्यंत पाणी लागत नाही. त्या उंदराची किडनी त्याच कामासाठी घडलेली आहे बाबा, तुमची नाही, आणि हा तुमचा दुसरा मुतखडा आहे. पहिल्या वेळी तुम्ही रात्रभर जमिनीवर लोळत होतात आणि मी इथे फोन कानाला लावून नुसती बसून होते.

रानात जाताना दोन लिटरची बाटली न्यायची, येताना रिकामी आणायची, ओतून नाही. आई, देव्हाऱ्याजवळचा पितळी तांब्या त्यांच्या खाटेपाशी ठेव. सोमवारी सोनोग्राफी झाली की रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर टाक, दोन्ही पानं टाक, मागच्या वेळी एकच आलं होतं.

तुमची,
ताई