चिठ्ठीवर नाव मराठीत लिहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मिरजेत भांड्यांच्या एका दुकानाच्या पायरीवर बसून मी भांड्यांवर नावं घालतो. वडील छिन्नी-हातोडीनं टिंब टिंब मारत नाव उठवायचे, माझ्याकडे विजेचं मशीन आहे. आपल्या पुरवणीत मुलांच्या ‘हटके’ नावांची यादी आली होती, म्हणून हे पत्र.

त्यातली मुलग्यांची नावं मी मोठ्यानं वाचली. रेयांश, रियांश, वियांश, विवांश, अव्यांश, दिव्यांश, शिवांश. शेजारी कुकरच्या रिंगा विकणारा म्हणाला, “पाढे पाठ करताय काय?” हटके म्हणून छापलेली ही नावं मी आठवड्यात दोनदा तरी घालतो.

हे होतं कसं, ते बारशाच्या गिऱ्हाइकांकडूनच कळलं. मूल जन्मलं की पंचांगातून चरणाक्षर, म्हणजे जन्मनक्षत्रावरून नावाचं पहिलं अक्षर, निघतं. स्वातीला रू, रे, रो, ता; रोहिणीला ओ, वा, वी, वू. पूर्वी ‘वि’ आला की कुणी विठ्ठल ठेवी, कुणी विनायक, कुणी विश्वास. आता पुढचं अक्षर पंचांगातलं आणि मागचा ‘यांश’ मोबाइलमधला. आमचं गाव जंक्शनचं, त्यामुळे मला तसंच सुचतं: इंजिन बदललं, डबे तेच.

शेवटी ‘श’ असण्याबद्दल माझी तक्रार नाही. रमेश, सुरेश, महेश, दिनेश, उमेश, नीलेश या नावांची ताटं मी पोत्यानं केली आहेत. पण उमेश फोडला तर एकीकडे उमा निघते, दुसरीकडे ईश. शिवांशही फुटतो. रेयांश फोडला की ‘अंश’ हाती लागतो आणि ‘रेय’ तसाच उरतो. नावांच्या याद्यांत अर्थ देतात ‘सूर्याचा पहिला किरण’. किरणाला इंग्रजीत रे म्हणतात, तेव्हा असेलही.

आमच्या भागातल्या जैन घरांत श्रेयांस हे जुनं नाव आहे. अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ. शिवाय ऋषभदेवांना उसाचा रस देऊन पारणं घडवणारा राजाही श्रेयांसच, त्याची आठवण अक्षय्य तृतीयेला काढतात. मध्यंतरी एक तरुण बाप चांदीचा पेला घेऊन आला. त्याला शेवटी शहामृगाचा ‘श’ हवा, बरोबरच्या आजोबांना सशाचा ‘स’. पाऊण तास चाललं. शेवटी आजोबांनी पेला उचलला आणि म्हणाले, “पैसे मी दिलेत.” मी ‘स’ घातला.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. आधीची मुलं गेली म्हणून दगडू, धोंडू. मुलगी नको होती म्हणून नकुशा. शेजारच्या सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. माझ्या हातून नकुशा हे नाव कधीच घातलं गेलं नाही. त्या नावाचं भांडं कोण कशाला विकत घेईल? त्यापेक्षा कुणी हौसेनं रेयांश म्हणतंय ते कितीतरी बरं.

माझी अडचण वेगळीच आहे. चिठ्ठ्या इंग्रजीत येतात. दिवाळीच्या आधी एकानं घाईत नाव लिहून दिलं. इंग्रजी व्ही, मग आय, मग पुन्हा व्ही. त्या दुसऱ्या व्हीला खाली किंचित शेपूट आलं होतं, मी तो वाय वाचला. वाटीवर ‘चि. वियांश’ घातलं. दुसऱ्या दिवशी आजी आल्या, “अहो, आमचा विवांश!” स्टीलवरचं अक्षर खोडता येत नाही, घासलं तर चट्टा राहतो. नवी वाटी माझ्या खिशातून गेली. विठ्ठलाच्या बाबतीत असं कधी झालं नव्हतं.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांवर आईचं नाव लागतं, मग वडिलांचं, मग आडनाव. काही जण आता वाटीवरही तसंच मागतात. अक्षरावर पैसे असल्यानं माझा फायदाच. एका गल्लीतले दोन रेयांश त्यामुळे वेगळे ओळखू येतात हेही खरं, पण वाटी लहान पडते. त्यांनी सरळ ताट घ्यावं.

बाकी नाव काय ठेवायचं ते ठेवा, चिठ्ठीवर तेवढं मराठीत लिहा, आणि अनुस्वार ठळक द्या.

ती वाटी माझ्याकडेच आहे, मशीनच्या सुया ठेवतो तिच्यात. कुणाच्या घरी खरोखरच वियांश असेल तर घेऊन जावी. नावाचे पैसे घेणार नाही.

आपला,
भांड्यांवर नावं घालणारा एक वाचक, मिरज