हवलेरहून श्रीन्यास

एर्बिल (कुर्दीत हवलेर), इराक, शुक्रवार
(इथली सुट्टी)

प्रिय श्रीन्या,

शिव्या आधी देऊन घे. आठ महिने पत्र नाही, फोन नाही, दिवाळीला नुसता पणतीचा फॉरवर्ड. तूही त्यावर अंगठा दाखवून मोकळा झालास, तेव्हा फिट्टंफाट. तब्येत ठीक. साखर काठावर, पाठ अधूनमधून. पुढे.

लिहितोय कारण मंगळवारी मी एक काम केलं आणि तेव्हापासून तुमच्या घरातला तो खड्डा डोळ्यांपुढून जात नाही. नान्नांचा, तुझ्या वडिलांचा, हातमाग काढल्यावर उरला होता तो. भंगारवाल्याचं पोरगं त्यात उतरलं होतं, तू वरून फणी देत होतास आणि मी दारात उभा राहून तुला काय काय बोललो होतो. तुला आठवत असणारच. कँटीनचे माझ्याकडचे साडेसतरा रुपये तू अजून काढतोस.

आमच्या हॉटेलच्या स्टोअरमध्ये एक म्हातारे आहेत. कुर्दीत भावाला 'काक' म्हणतात, मी सोयीनं 'काका' करून टाकलंय. त्यांना वाटतं मला उच्चार जमत नाही. हलब्जाच्या बाजूचे, जाफ टोळीचे. ही टोळी हिवाळ्यात शहरिझोरच्या मैदानात आणि उन्हाळ्यात मेंढरं घेऊन वर, आता इराणात असलेल्या डोंगरांत. मध्ये दोन राज्यांची सरहद्द होती, पण मेंढरांना कुठे वाचता येतं! मागच्या शतकात सरहद्दीवर पहारे बसले आणि ते जाणं-येणं संपलं. (यांच्या हलब्जाच्या आदेला खानम नावाच्या बाई होत्या, 1924 साली वारल्या. इंग्रजांनी त्यांना किताब कुठला दिला? 'खान बहादूर'! बाईला! आपल्या रावबहादुरांच्या पंगतीत एक जाफ बाई. आक्काला सांग, खूश होईल.)

तर काकांकडे त्यांच्या आजीनं विणलेली खुर्जीन होती. खुर्जीन म्हणजे आपली पडशीच, फक्त खेचराच्या पाठीवर टाकायची. दोन्हीकडे एकेक पोट, मध्ये पट्टा, सगळं एकाच ताण्यावर सलग विणलेलं. बाहेर दिसणारी तोंडं गालिच्यासारखी गाठींची, मागची बाजू साधी, पट्ट्यापट्ट्यांची. जमिनीत चार खुंट्या ठोकून आडवा माग. मुक्काम हलला की खुंट्या उपटायच्या, अर्धं विणलेलं कापड दांड्याला गुंडाळायचं आणि चालू लागायचं. तुमच्या नान्नांचा माग खड्ड्यात गाडलेला होता, यांचा खेचरावर बसून फिरायचा.

आता नीट वाच, हे फक्त तुलाच कळेल. माझ्या मल्याळी रूममेटला सांगायला गेलो तर म्हणाला, चेट्टा, झोप.

एक गाठ ताण्याच्या दोन धाग्यांना धरते. पुढच्या ओळीतही त्याच दोन धाग्यांवर गाठ मारली तर तिरकी रेघ जिन्यासारखी दिसते. जाफ बायका काय करतात, पुढच्या ओळीत गाठ एकाच धाग्यानं सरकवतात. विटांचा थर अर्धी वीट सरकवून लावतात ना, तसं. त्यामुळे चौकटीची बाजू सरळ धावते, पायऱ्या दिसतच नाहीत. अख्ख्या तोंडावर अशा तिरक्या चौकटी, कडेला गळासारखे वळलेले आकडे काढलेले, आणि शेजारच्या दोन चौकटींचा रंग कधी एक नाही. नकाशा नाही, कागद नाही. एका चौकटीत मंजिष्ठाचा लाल अर्ध्यातच विटकरी झालाय. काका म्हणतात तिथे मुक्काम हलला होता आणि पुढचा रंग दुसऱ्या पाण्यात शिजला. या बदललेल्या पट्ट्याला 'अबराश' म्हणतात. नान्ना असते तर अख्खा नग बाद करून मालकाकडून पगार कापून घेतला असता. इथे त्याच्यावर लोक भाळतात.

अजून एक. चौकटींच्या काळपट तपकिरी रेघांवर बोट फिरवलं तर त्या खाली गेलेल्या लागतात, लाकडावर कोरल्यासारख्या. मला वाटलं मुद्दाम कातरल्यात. नाही. तो रंग लोखंडाच्या पाण्यानं पक्का करतात आणि ते लोखंडच वर्षानुवर्षं लोकर खात राहतं. लाल-निळं जसंच्या तसं उभं, काळं तेवढं झिजलेलं. नीळ तर त्या काळी आपल्याकडूनच या मुलखात यायची.

मार्च 1988 मध्ये हलब्जावर विषारी वायू टाकला तेव्हा काका सतरा वर्षांचे. शहरातली जवळजवळ पाच हजार माणसं गेली. हे लोक डोंगर ओलांडून इराणात पळाले, खुर्जिनीच्या एका पोटात भाकरी आणि दुसऱ्यात धाकटी बहीण. हे त्यांनी मला चहा ढवळता ढवळता सांगितलं. चहात तीन चमचे साखर असते, ढवळायला वेळ लागतो.

आता माझं काम ऐक. त्यांची बायको सरकारी शाळेत शिकवते आणि सरकारी पगार इथे महिनोन्महिने रखडतात. मुलीला कॉलेजला घालायचीय. मला म्हणाले, तुझं इंग्रजी चांगलं, बाहेर गिऱ्हाईक बघ. मी बघितलं. उत्साहानं! फोटो काढले, युरोपातल्या एका व्यापाऱ्याशी भाव केला, वर शहाणपण शिकून आलो. म्हणजे बघ, गालिचाबाजारात 'सेन्ना गाठ' नावाची एक प्रसिद्ध गाठ आहे, पण सेन्ना म्हणजे इराणातल्या सनंदजचे कुर्दी विणकर ती मारतच नाहीत, ते दुसरीच मारतात. आपल्या मेसमधल्या व्हेज कोल्हापुरीसारखं, कोल्हापुरात कुणी पाहिलेली नसायची. असं सगळं मला ठाऊक. फक्त व्यापाऱ्यानं 'दोन तोंडं पाठवा, मागचं नको, वजन वाढतं' असं लिहिलं तेव्हा मी एकदाही 'का' म्हणून विचारलं नाही.

मंगळवारी दुपारी काकांनी ती स्टोअरच्या टेबलावर ठेवली. कडा बकरीच्या केसांच्या दोऱ्यानं शिवलेल्या, दोरा तारेसारखा. ब्लेड माझ्याकडे सरकवून म्हणाले, चश्मा नाही आणला, तूच काप. चश्मा त्यांच्या खिशात होता. दांडी दिसत होती.

मी कापली, श्रीन्या. आधी कडेची शिवण, मग तोंड संपून साधं विणकाम सुरू होतं तिथून आडवी. वीस मिनिटं लागली. आत अजून एक धसकट निघालं, कशाचं कोण जाणे. मागच्या बाजूला एक ठिगळ होतं, पांढऱ्या पोत्याच्या कापडाचं, छावणीत त्यांच्या आईनं घातलेलं. व्यापाऱ्याच्या फोटोत ते आलंच नव्हतं. संपल्यावर काका म्हणाले, 'दस्त खोश'. काम करून देणाऱ्याला इथे असंच म्हणतात, तुझे हात बरे राहोत.

पैसे आले. ठरले तेवढे, वेळेवर. मुलीची फी भरली, लॅपटॉप आला, काका खूश आहेत, मला कबाब खाऊ घातला. रडतोय तो मी एकटाच.

आणि काल अक्कल आली म्हणून किल्ल्यावर गेलो. कैसरी बाजाराच्या डोक्यावरच आहे, माझ्या खोलीपासून पंधरा मिनिटं. 2014 पासून जागतिक वारसा वगैरे. दुरुस्तीसाठी सगळ्यांना बाहेर काढलं आणि वस्ती तुटली असं व्हायला नको म्हणून एक कुटुंब तेवढं ठेवलं होतं! तिथल्या एका जुन्या वाड्यात 2004 पासून कुर्दी विणकामाचं संग्रहालय आहे. तीन वर्षं इथे राहून मी पहिल्यांदा आत गेलो. तिथे अख्ख्या खुर्जिनी टांगल्यात. तोंडाच्या वर चिरा, त्यांतून वेण्यांचे फास ओवलेले, एकात एक, शेवटच्याला कुलूप. बाहेरच्या बाजारात पोचलेल्या जाफ पिशव्या बऱ्याचशा अशाच फाडून गेल्या, नुसती तोंडं, भिंतीवर लावायला. आणि आता जाणकार लोक अख्खीच शोधतात. म्हणजे मी ती फाडली आणि वर स्वस्तात घालवली. काकांना हे सांगितलेलं नाही. सांगू का? तुझं मत कळव. 'गप बस' असंच असणार, पण कळव.

तू तेव्हा मला म्हणाला होतास, 'तुला बघायला पाहिजे म्हणून आम्ही माग ठेवायचा काय? मग तूच बस खड्ड्यात पाय घालून.' मी चार महिने तुझ्याशी बोललो नाही. बरोबर होतास तू. बरं, सगळा नाही. धोटा तरी ठेवायला हवा होतास, हे मी आजही म्हणतो, किलोवर द्यायची वस्तू नव्हती ती. पण दारात उभं राहून बोलणाऱ्यातला मी, हे तुझं खरं होतं. मंगळवारी पहिल्यांदा ब्लेड हातात आलं.

तुझ्या टॉवेलच्या दुकानाचं कसं चाललंय? पोरीच्या नीटचं काय झालं? अम्माच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून पोपट म्हणाला, तू कळवलं नाहीस. पोपटाला माझे पैसे दे म्हणावं.

अम्मावरून आठवलं, खरं काम राहिलंच. मागच्या दोन्ही बाजू काका फेकणार होते, मी मागून घेतल्या. ठिगळाची त्यांना परत दिली, दुसरी माझ्या कपाटात आहे. जिथे कापली ती आडवी कड उसवायला लागलीय, रोज एकेक बाणा गळतो. अम्माला विचार, ताण्याचे धागे चार-चार घेऊन गाठी मारू की वरून शिवून घेऊ? लोकर आहे, सुती दोरा चालेल का? रुंदी साधारण दोन फूट. लवकर विचार, ती दुपारी झोपायच्या आत.

तुझा,
पक्या