ऐकून घेणारी वेगळी, चौकशी करणारी वेगळी

इंग्लंडमध्ये १९०२ च्या कायद्यापासून सुईणींवर देखरेख होती. पण आधार देणारी आणि चूक झाल्यास चौकशी करणारी व्यक्ती बहुधा एकच! तिच्याजवळ मन कोण मोकळे करणार? २०१७ मध्ये ही कायदेशीर देखरेख बंद झाली. आता तिथे खास प्रशिक्षण घेतलेली सुईण सहकाऱ्यांचे ऐकून घेते, अवघड प्रसंगांवर बोलते. चौकशी तिच्याकडे नसते.

आपल्याकडे बाळ दगावले तरी सिस्टरने डोळे पुसून पुढच्या खाटेकडे वळायचे. मेट्रन भेटणार ती बहुतेकदा मेमो द्यायलाच. परिचारिका दिनाच्या गुलाबांपेक्षा ड्युटीच्या वेळातच महिन्याकाठी तासभर अशा चर्चेला द्यावा, आणि तिथले बोलणे सेवापुस्तकात जाऊ नये.

— एक निवृत्त परिचारिका, सातारा