ग्रोथ हार्मोन बेळगावातच का मिळू नये?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात खड्डे, पाणी, कचरा, बस अशी पत्रं नेहमी येतात आणि यायलाच पाहिजेत, पण आज जरा वेगळ्या गोष्टीबद्दल, उंची न वाढणाऱ्या मुलांना लागणाऱ्या ग्रोथ हार्मोनच्या इंजेक्शनबद्दल लिहितेय ती पण छापा, कारण हे पेशंट मोजके आहेत, मोर्चा काढावा एवढे नाहीत, आणि मोजके आहेत म्हणूनच त्यांच्याकडे कोण बघत नाही.

माझा भाचा, भावाचा मुलगा, खानापूर तालुक्यातला. पाचवीत असून दुसरीतला वाटायचा. घरातले म्हणायचे आजोबा पण बुटकेच होते, होईल की मोठा. मग एका बालरोगतज्ज्ञांनी वाढीचा तक्ता समोर ठेवून दाखवला तेव्हा सगळे गप्प झाले. डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघितलं, थायरॉइड बघितलं, मग ती उपाशीपोटी औषध देऊन थोड्या थोड्या वेळाने परत परत रक्त काढायची टेस्ट, मग एमआरआय. निदान असं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी ग्रोथ हार्मोन पुरेसं बनवत नाही. उपाय काय तर रोज रात्री झोपायच्या आधी कातडीखाली एक बारीक इंजेक्शन, वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे काही वर्षं. इथपर्यंत आमची काहीच तक्रार नाही. डॉक्टर चांगले भेटले, पोरगं पण शहाणं, आता स्वतःच इंजेक्शनचं पेन धरून मांडीत टोचून घेतं. रामायण सुरू होतं ते चिठ्ठी घेऊन मेडिकलची पायरी चढल्यावर.

"हे आम्ही ठेवत नाही ओ, मागवून देतो की." सगळीकडे पहिलं वाक्य हेच. आणि खरं सांगू का, मेडिकलवाल्याला मी दोष देणार नाही. माल महाग, २ ते ८ डिग्रीत ठेवायचा, गिऱ्हाईक एखाददुसरं, फ्रिजमधला माल एकदा घेतला की कोण परत घेत नाही, आणि तारीख उलटली तर नुकसान त्याच्याच खिशाला. मग तो आधी पूर्ण पैसे मागतो, स्टॉकिस्टला फोन करतो, स्टॉकिस्ट पुढे हुबळी नाहीतर बेंगळुरूला कळवतो आणि माल रात्रीच्या बसने थर्माकोलच्या डब्यात येतो. येतो म्हणजे "उद्या येतंय" असं रोज ऐकायला मिळतं. मधे रविवार आला, गणपती आले, कुठे बंद झाला की संपलंच.

एकदा डबा उघडला तर आतला जेल पॅक पार कोमट, हात लावला तर नुसता पिचपिचीत. आता हे औषध चांगलं आहे का गेलं हे सांगणार कोण? पाण्यासारखं दिसतंय, चांगलंही तसंच दिसतं आणि खराबही तसंच. उलट बर्फाला चिकटून गोठलं तरी ते वाया, हे पण पुष्कळ दुकानांतल्या पोरांना माहिती नसतं, ते बिचारे जास्त गार तेवढं चांगलं म्हणून फ्रीजरमधे टाकतात. बिल दाखवून बदलून द्या म्हटलं तर दुकानदार म्हणतो ट्रान्सपोर्टला विचारा, ट्रान्सपोर्टवाला म्हणतो आम्हाला नुसतं पार्सल म्हणून दिलेलं.

दुसरी गंमत पेनाची. एका कंपनीची काट्रिज, म्हणजे पेनात घालायची औषधाची नळी, दुसऱ्या कंपनीच्या पेनात बसत नाही. आमच्या कंपनीचा माल नाही म्हणून दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा तर पेन नवं, सुया कुठल्या ते परत विचारा, आणि चिठ्ठी पण नवी, म्हणजे परत डॉक्टरांची अपॉइंटमेंट. त्यात काही कंपन्या मिलिग्रॅममधे लिहितात, काही युनिटमधे. एक मिलिग्रॅम म्हणजे तीन युनिट हे काउंटरवरच्या माणसाला माहिती असेलच असं नाही, आमच्या एका बिलावर दोन्हीचा असा काय घोळ झालेला की मीच कागद-पेन घेऊन बसले. डोस ठरतो वजनावर, ढोबळ धरलं तर किलोला ०.०२५ ते ०.०३५ मिलिग्रॅम रोज, म्हणजे वीस किलोच्या मुलाला दिवसाला साधारण अर्धा-पाऊण मिलिग्रॅम. पोरगं वाढलं की डोस वाढतो, म्हणजे औषध लागू पडतंय याचा आनंद मानायचा आणि लगेच पुढच्या महिन्याचं बिल वाढणार म्हणून भावाने डोक्याला हात लावायचा. त्याचं बिल महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास जातं, शेती आणि एका छोट्या दुकानावर चालणारं घर आहे ते.

मेडिक्लेम आहे पण तो अ‍ॅडमिट झाल्यावरचा. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकचं कार्ड आहे, ते पण अ‍ॅडमिट झाल्यावरचंच, घरी रोज टोचायच्या इंजेक्शनला त्याचा उपयोग नाही. आम्ही सीमाभागातले, म्हणून लोक लगेच सांगतात महाराष्ट्राचं बघा. २०२३ मधे महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली, इकडच्या सरकारने त्याला विरोध केला, दोन्हीकडचे पुढारी टीव्हीवर आले, हे सगळं तुम्हीच छापलंय. पण ती योजना सुरळीत मिळाली असती तरी ती सुद्धा हॉस्पिटलातल्या उपचारांची आणि ऑपरेशनांची. महिन्याच्या काट्रिजा त्यात पण नाहीत. म्हणजे भांडण ज्याच्यावरून झालं ते आमच्या कामाचंच नव्हतं, असो.

कोल्हापुरात लवकर मिळतं म्हणून पुष्कळ जण तिकडून आणतात, डॉक्टरांची चिठ्ठी देशात कुठेही चालते, त्यात बेकायदा काही नाही. आम्ही पण आणलंय. निपाणीपर्यंत कर्नाटकच्या सरकारी बसमधे आधार कार्ड दाखवून बाईमाणसाला फुकट, पुढे तिकीट काढायचं, दुधाच्या कॅनमधे बर्फ भरून त्यात पिशवीत गुंडाळलेला डबा ठेवायचा आणि मांडीवर घेऊन यायचं. पण सीमेवर जरा कुठे ठिणगी पडली की बस कोगनोळीपाशीच थांबतात. २०२५ च्या फेब्रुवारीत कंडक्टर-ड्रायव्हरना झालेल्या मारहाणीवरून असंच झालेलं, दोन्हीकडच्या बस बंद. कोण बरोबर कोण चूक त्यात मी पडत नाही, पण त्या वेळी ज्याच्या घरात शेवटची काट्रिज चालू असेल त्याने काय करायचं?

काही जण म्हणतील एवढं काय, चार दिवस नाही टोचलं तर जीव जातोय का. जीव जात नाही, खरं आहे. पण हाडांच्या टोकाला वाढीचा जो भाग असतो तो वयात आल्यावर हळूहळू बंद होतो, एकदा बंद झाला की मग कितीही पैसे ओता, उंची वाढत नाही. ठराविक वर्षंच हातात असतात आणि त्यातले महिने असे "उद्या येतंय" मधे जातात. आणि प्रश्न नुसत्या उंचीचा पण नाही, या हार्मोनची कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांची साखर खाली जाते, तिथे तर खरोखर जिवाशी खेळ. टर्नर सिंड्रोमच्या (हा फक्त मुलींना होणारा, उंची खुंटवणारा जन्मजात आजार) मुलींना पण हेच औषध देतात, त्यांचा डोस आणखी जास्त, म्हणजे खर्चही जास्त, आणि मुलीसाठी एवढा खर्च करायचा का असं विचारणारे पाहुणे आपल्याकडे कमी नाहीत.

पाहुण्यांवरून आठवलं. एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की हे औषध मेलेल्या माणसाच्या मेंदूतून काढतात, देऊ नका. ते एकेकाळी खरं होतं, मृतांच्या पिट्युटरीतून काढायचे आणि त्यातून काही जणांना मेंदूचा भयंकर आजार झाला, म्हणून १९८५ मधे ते थांबवलं. तेव्हापासून लॅबमधे जिवाणूंकडून नाहीतर पेशींकडून बनवून घेतात. दुसरं टोक म्हणजे जिमवाले. बॉडी करायला हेच इंजेक्शन चोरून घेणारे आहेत, त्यामुळे एका दुकानात तर मला "कोणाला पाहिजे?" असं वरखाली बघून विचारलं. मी पन्नाशीची बाई, साडी नेसून गेलेली, मी काय डंबेल्स मारणार?

आता मागणी. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात ग्रोथ हार्मोनची सिद्ध झालेली कमतरता, टर्नर आणि प्रेडर-विली हा दुसरा एक जन्मजात आजार यांचा समावेश आहे, आणि २०२२ पासून एका पेशंटला ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. पण ही मदत ठरवलेल्या मोठ्या केंद्रांमार्फतच मिळते, पैसे पेशंटच्या हातात येत नाहीत, केंद्राकडे जातात. कर्नाटकातलं केंद्र बेंगळुरूला. बेळगावहून पाचशे किलोमीटर. राणी चन्नम्मा रेल्वेने रात्रभर जायचं, दिवसभर लाइन, परत रात्रभर यायचं, तेही शाळा बुडवून, आणि परतीच्या गाडीत औषध गार ठेवायची काळजी वेगळीच. वर्षातून एकदा-दोनदा तपासणीला जाऊ, त्याला कोण नाही म्हणत नाही. पण महिन्याचं औषध तिथून आणायचं हे खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या माणसाला जमणार कसं? कन्नड फॉर्म भरून घ्यायलाच आधी कोणाचे तरी पाय धरावे लागतात.

म्हणून नाव तिथे लागू दे, मंजुरी तिथून येऊ दे, पण औषध बिम्सच्या, म्हणजे बेळगावच्या सरकारी हॉस्पिटलच्या, काउंटरवरून मिळावं. हिमोफिलियाच्या (रक्त गोठत नाही तो आजार) पेशंटना रक्त गोठवणारं फॅक्टरचं इंजेक्शन जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलातून मिळतंच की, ते पण फ्रिजमधलंच आणि महागच. गावोगावच्या आरोग्य केंद्रांत लशी याच २ ते ८ डिग्रीत वर्षानुवर्षं सांभाळल्या जातात, थर्मामीटरची वही सकाळ-संध्याकाळ भरली जाते. लशीच्या फ्रिजमधे दुसरं औषध ठेवायचं नाही हा नियम मला माहिती आहे आणि तो बरोबरच आहे, तो मोडा असं मी म्हणतच नाही, पण गार औषध सांभाळायची सवय असलेली माणसं सरकारकडे आहेत, एक वेगळा फ्रिज घ्यायचा आहे फक्त.

भाचा आता माझ्याकडे वडगावला शिकायला आहे. शाळा हे सांगायचं कारण, खरं कारण फ्रिज. पावसाळ्यात त्यांच्या गावात झाड पडून लाइट गेली की कधी येईल सांगता येत नाही, महिन्याचं औषध तिकडे ठेवायची छातीच होत नाही. सगळ्यांची आत्या बेळगावात नसते.

बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आणि औषध दुकानदारांच्या संघटनेने एकत्र बसून जिल्ह्यात किती मुलांना, कुठल्या कंपनीचं, किती लागतं एवढी यादी केली तरी स्टॉकिस्टला बेळगावातच महिन्याचा माल ठेवता येईल, सरकारचं होईल तेव्हा होईल. वजनाप्रमाणे डोस बदलतो म्हणून ती यादी दर तीन महिन्यांनी नवी करावी लागेल. ते फोन करायचं काम आमच्यासारखे घरातले लोक करायला तयार आहेत, फक्त कोणीतरी बोलावून घ्या.

आपली,
एक वाचक, वडगाव, बेळगाव