चौथ्या खाटेसमोरचे चित्र

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

आप्पा जाऊन दीड महिना झाला. दिवसकार्य आटोपले, पाहुणे परतले आणि घर रिकामे झाल्यावर कोणाचे आभार मानायचे राहून गेले हे आठवू लागले, तेव्हा डॉक्टरांच्याही आधी तुम्ही डोळ्यांसमोर आलात.

आप्पांचे डायलिसिस दोन वर्षे चालले. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. सुरुवातीला आम्ही ज्या रुग्णालयात जात होतो, तेथे खाटेसमोर औषध कंपनीने दिलेला, उभ्या कापलेल्या मूत्रपिंडाचा तक्ता होता आणि त्याच्या शेजारी आगाऊ रक्कम भरण्याची पाटी. शोभेचे म्हणून एकच चित्र होते, तेही परदेशातल्या पानगळीचे. आयुष्यभर बीड जिल्ह्यातले दुष्काळ सोसलेल्या माणसाने ते निरखून एवढेच विचारले, “इथंबी वाळलंच का?” हे मी व्यवस्थापकांच्या कानावर घातले, तर ते नुसते हसले.

पुढे आम्ही तुमच्या गावच्या धर्मादाय रुग्णालयात आलो, त्याच सुमारास विश्वस्तांनी तेथील भिंतींसाठी चित्रे निवडण्याचे काम तुमच्याकडे दिले होते. तुम्ही चपला काढून रिकाम्या खाटेवर सरळ आडवे झालात आणि म्हणालात, “चित्रं उभ्या माणसासाठी टांगलीत. झोपलेल्याला काचेत नुसती ट्यूबलाइट दिसते.” काचा निघाल्या, पुसता येईल असे वॉर्निश आले आणि चित्रे हातभर खाली उतरली. एका देणगीदारांनी मराठवाड्याचा अभिमान म्हणून अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील मरणासन्न राजकन्येची मोठी तसबीर आणली होती. रुग्णालयासाठी हेच चित्र त्यांना कसे सुचले, देव जाणे. तुम्ही त्यांचा मान राखून ती कार्यालयात लावलीत आणि नातेवाईक बसतात तेथे पहिल्या लेण्यातला, डोळे झुकवलेला बोधिसत्त्व पद्मपाणी आणलात. धबधब्याचे चित्रही डायलिसिसच्या खोलीतून हलवलेत, कारण ज्यांना दिवसाचे पाणी पेल्याने मोजून प्यावे लागते, त्यांच्यासमोर पाणी कोसळत ठेवणे तुम्हाला पटले नाही. चित्रांनी काय फरक पडतो, असे विचारणाऱ्या विश्वस्तांना तुम्ही संशोधक रॉजर उलरिच यांचा १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यास सांगितलात: पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली.

मला मात्र हे सारे थोडे विसरले तरी चालेल. चौथ्या खाटेसमोर तुम्ही स्वतः रंगवलेले ज्वारीचे शेत लावले होते. कणसे भरलेली, बांधावर बाभूळ आणि वर पाखरांचा थवा. आप्पा ते दोन दिवस पाहत राहिले आणि तिसऱ्या दिवशी तुम्हाला म्हणाले, “गुरुजी, पाखरं एवढी, अन् राखणीला कुणीच न्हाई?” दुसरा कोणी असता तर चित्रकलेतले चार शब्द ऐकवून गप्प बसला असता. तुम्ही पुढच्या खेपेला रंगांची पेटी घेऊन आलात, मशीन चालू असताना आप्पांच्या पायथ्याशी स्टूल ओढलेत आणि माळा किती उंच असतो, गोफण कोणत्या हातात धरतात, हे त्यांना विचारत विचारत बोटाच्या पेराएवढा एक राखणदार रंगवलात. त्याच्या डोक्याला पांढरा रुमाल हवा, हेही आप्पांनीच सांगितले. त्या दिवशी चार तासांत त्यांनी एकदाही घड्याळ विचारले नाही. आजारी माणसाला सगळे जण सूचना देतात, त्याच्याकडून काही शिकून घ्यायला कोणी बसत नाही. तुम्ही बसलात, आणि त्यानंतर आप्पा रुग्णालयात निघताना “शेताकडं जाऊन येतो” असे म्हणू लागले.

आता त्या खाटेवर दुसरे कोणी असेल. रंगकामाच्या वेळी ते चित्र उतरवले गेले, तर पुन्हा तेथेच आणि तेवढ्याच उंचीवर लागेल, एवढे कृपा करून पाहावे.

यंदा आमची ज्वारी चांगली आली आहे आणि राखणीला मी जाते. पौषात हुरड्याला अवश्य या. चित्रातली कणसे मालदांडी वाणाची वाटत नाहीत, असे आप्पांचे शेवटपर्यंत म्हणणे होते. तुम्ही येऊन एकदा शेतात पाहून घ्या.

आपली नम्र,
चौथ्या खाटेवरच्या आप्पांची मुलगी